हिरव्या टेपचा ब्रश

४ फेब्रुवारी, मंगळवार

तीन नंबरची गाडी परत आली. मासळीवाल्यांची. मागच्या दोन्ही दारांना फोड — कडेनं, बिजागरीच्या भोवती, अंगावर घामोळं उठावं तसे. रंगवून चार महिनेसुद्धा झाले नाहीत.

मला आधी हसूच आलं. ड्रायव्हरला म्हटलं, कांजिण्या आहेत, दहा दिवस घरी झोपवा, बाकीच्या गाड्यांत सोडू नका. तो हसला. आमच्या गॅरेजचा मालक हसला नाही. मालकाला मी या वहीत टाकी म्हणतो — आधी पोट येतं, मग जरा वेळानं माणूस. टाकीनं नखानं एक फोड उचकटला. रंगाची टिकली सुटून बोटाला चिकटली आणि खालून पांढरी भुकटी सांडली, खडूची असते तशी.

लोखंड गंजतं हे मला ठाऊक. ते बिचारं तांबडं होऊन सांगतं तरी. ही दारं ॲल्युमिनियमची, आणि ॲल्युमिनियम गंजतच नाही अशी माझी समजूत. गंजतं की! पांढरं गंजतं, गुपचूप. वरून रंग झकास, आणि खाली बारीक बारीक वाकड्या रेघा — कागदाखालून किडा चालत गेल्यासारख्या.

माझा मामा दाराची सगळी कड बोटांनी चाचपत गेला, आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसा. बावीस वर्षं या गॅरेजात रंगाची गन त्याच्याच हातात आहे. बावीस वर्षांत त्याचा रंग कधी परत आला नव्हता.

जेवताना मामी म्हणाली, बोलत का नाही आज कुणी? मी म्हटलं, गाडीला पुरळ आलंय. मामानं माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचा विनोद गिळला.


५ फेब्रुवारी, बुधवार

पाच नंबर पण आली. तेच.


६ फेब्रुवारी, गुरुवार

आज रंगाच्या कंपनीचा माणूस आला. टायवाला. एवढ्या धुळीत पांढरा शर्ट! मी मुद्दाम त्याच्या बाजूला पॉलिशपेपर झटकला. पण माणूस हुशार निघाला. सरकून उभा राहिला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, अजून एकदा झटक, तिसऱ्यांदा तुझ्या तोंडावर झटकतो. आवडला मला.

त्यानं दाराच्या कडेचा रंग उतरवला. मग बाटलीतल्या कसल्याशा औषधात भिजवलेला कागद उघड्या पत्र्यावर चिकटवला. म्हणाला, थांबा जरा. आम्ही सगळे थांबलो — मालक, मामा, मी आणि नियमभाऊ. नियमभाऊ म्हणजे आमचा डेंटर, पत्र्याचे पोचे काढणारा. ठोकाठोकीत हात सोन्याचा, पण तोंडात एकच — नियम. ब्रश धुवायचा नियम, चिंधी टाकायचा नियम, शिंकायचासुद्धा असेल.

कागदावर निळे ठिपके उमटले. एक, दोन, मग शिंपडल्यासारखे.

टायवाला म्हणाला, जिथे निळं तिथे लोखंड. ॲल्युमिनियमचा पत्रा मऊ, त्यावर लोखंडी तारेचा ब्रश फिरवलाय कुणीतरी. लोखंडाचे कण आत रुतून बसले. वर तुम्ही चांगला रंग मारलात, पण ही मासळीची गाडी. खारं पाणी दाराच्या कडेनं रोज ठिबकतं. कुठे चरा पडला की पाणी आत, आणि मग त्या कणाभोवतीचं ॲल्युमिनियम खाल्लं जातं. रंगाचा दोष नाही. हाताचा आहे.

हाताचा, म्हणाला. मामानं आपले हात मागे घेतले.

पण असं होऊ नये म्हणूनच तर तेव्हा ब्रशांना टेपा होत्या! दोन ब्रश, दोन्ही एकाच कारखान्याचे, एकसारख्या लाकडी मुठी, तारा दोन्हींच्या सारख्याच चकचकीत. लाल टेपचा ब्रश लोखंडी पत्र्याला. हिरव्या टेपचा, स्टेनलेसच्या तारांचा, ॲल्युमिनियमला. टेपा नसत्या तर ओळखू आले नसते.

घरी येऊन ही वही मागे मागे चाळली. सापडलं. जसंच्या तसं —

"१४ ऑक्टोबर. आज सकाळी टेपा फिरवल्या. ब्रश आपापल्या खुंटीवरच, नुसत्या टेपा. लाल गेली हिरव्याच्या जागी, हिरवी लालच्या. नियमभाऊनं हात घातला रे घातला की बोंब मारणार — भाऊ, नियम मोडला! टाकीला पण बोलवीन बघायला. चहाच्या वेळेला धमाल."

आणि त्याच्याखाली डाव्या हाताची वेडीवाकडी ओळ — "पत्र्यानं तळवा फाटला. सात टाके. आठ दिवस घरी."

चहाची वेळ झालीच नाही.

परत कामावर गेलो तेव्हा खुंटीवर नवे ब्रश होते, पिवळ्या मुठीचे. टेपांचं मी विसरूनही गेलो. इतकं साफ विसरलो!

गॅरेजच्या रजिस्टरमध्ये बघायचं धाडस होत नाही. पण मला माहितीये. त्या आठ दिवसांत ज्या तीन गाड्या झाल्या त्यांचे नंबर तीन, चार आणि पाच असणार.


७ फेब्रुवारी, शुक्रवार

चार नंबर आली.


८ फेब्रुवारी, शनिवार

सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली, त्यात टाकी बसला की बाकीच्यांनी उभंच राहायचं.

रजिस्टर उघडं होतं. टाकीनं बोट ठेवून वाचलं — तीन गाड्या, आठ दिवस, मी सुट्टीवर. दारं दोघांनी मिळून साफ केली, मामानं आणि नियमभाऊनं. कुणी कुठली बाजू घासली ते आता कुणालाच आठवत नाही.

मालकानं आधी नियमभाऊला विचारलं. तो म्हणाला, मी हिरव्याच टेपचा घेतला, प्रत्येक वेळी टेप बघून घेतला, पोरांची शपथ.

खरंच सांगत होता. बिचारा एकदम खरं सांगत होता. हिरव्या टेपचाच घेतला असणार त्यानं.

मग मालक मामाकडे वळला. तू?

मला वाटलं, मामा पण शपथ घेईल. मग दोघंही बरोबर, मग टाकी डोकं खाजवेल, मग प्रकरण मिटेल. पण मामानं शपथ घेतली नाही. मालकानं पुन्हा विचारलं. मामा गप्प. मालक चिडला आणि म्हणाला, "बावीस वर्षं रंगात हात घालतोयस. तुला लाल-हिरवं दिसत नाही का रे?"

भर चौकात थोबाडीत बसावी तसा मामाचा चेहरा झाला. कानापर्यंत पांढरा. खाली बघून म्हणाला, "माझ्याकडूनच झालं असेल."

असेल! असेल म्हणजे काय? दुसऱ्या कुणी त्याच्या रंगाला नावं ठेवली असती तर त्यानं गन घेऊन त्याच्याच तोंडाला प्रायमर मारला असता.

पुढचं मालक हळू बोलला, ते जास्त वाईट. मासळीवाल्यांच्या अजून दहा गाड्या यायच्यात. त्यांनी सांगितलंय, ज्याच्या हातून हे झालं तो माणूस आमच्या गाडीला शिवता कामा नये. सतरा तारखेपासून नवा पेंटर येईल. मामानं पाहिजे तर गाड्या धुवाव्यात.

मामा म्हणाला, धुणार नाही. ही सहा दारं पुन्हा करून देतो, मग जातो.

आणि मी? मी तोंडाला कुलूप घालून कोपऱ्यात उभा. एरवी माझं तोंड शिवून टाका म्हणतात लोक.


९ फेब्रुवारी, रविवार

मामानं गन घरी आणलीये. स्वतःची आहे ती, गॅरेजची नाही. खाटेवर फडकं पसरून सगळे भाग सुटे केले, एकेक पुसला, पुन्हा जोडली. मग पुन्हा सुटे केले.

मामी मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, काय झालंय ते सांग, तुझा मामा सांगत नाही. मी म्हटलं, कामात चूक निघाली. तर ती म्हणाली, कसली चूक? रंगाची? असं विचारताना तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. म्हटलं, रंगाची नाही, घासण्याची. तेव्हा सोडला. मग म्हणाली, पूर्वी मी रोज दुपारी डबा घेऊन जायचे गॅरेजवर, माझ्यासमोर कधी चूक झाली नाही.

डब्याचा आणि चुकीचा काय संबंध? घरात सगळ्यांचीच डोकी फिरलीत.

आठ वर्षं झाली मला या घरी येऊन. आईला दुसऱ्या गावी नोकरी, तिथे मला ठेवायला जागा नव्हती, आणि मी दुसऱ्या कुणाकडे टिकलो नसतो. मामानं नेलं. शाळा सुटली की गॅरेज, आणि दहावीत दोनदा आपटल्यावर मग नुसतंच गॅरेज. मालक तेव्हापासून म्हणतोय, हे कार्टं कशाला ठेवतोस, उपद्व्यापाशिवाय काही येत नाही त्याला. मामा दर वेळी म्हणतो, असू दे, डोळा चांगला आहे त्याचा.

तेवढंच एक कौतुक. बाकी शिव्या.


१० फेब्रुवारी, सोमवार

दारं उतरवायला घेतली. सगळा रंग काढायचा, पांढरा गंज खरवडायचा, लोखंडाचा कण राहता कामा नये, मग धुऊन वाळवून लगेच प्रायमर. लगेच म्हणजे लगेच — उघडं ॲल्युमिनियम ठेवून चहाला गेलात की हवेनं त्यावर परत साय धरते. आज चहाला कुणी गेलंच नाही.

दुपारी मामानं बूट काढले तर एका पायात हिरवा मोजा, एका पायात तपकिरी. एरवी मी दिवसभर नाचलो असतो. आज नुसतं म्हटलं, मामा, मोजे बघ. त्यानं पायाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि घाईनं बूट परत चढवले. म्हणाला, मामी झोपली होती, अंधारात घातले.

सकाळी आम्ही निघालो तेव्हा ऊन आलं होतं खोलीत.

डोकं ठिकाणावर नाही त्याचं. माझ्यामुळे.


११ फेब्रुवारी, मंगळवार

आज फार वाईट विचार आला. लिहून ठेवतो, म्हणजे इथेच राहील.

मालकानं एकट्याला बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणाला, तू सगळीकडे नाक खुपसतोस, तुला माहीत असेल. तुझा मामा असा नाही. डेंटर तर खोटं बोलत नाही ना? त्याचा चष्मा बदललाय मध्ये. दिसलं नसेल त्याला.

एक शब्द! "असेल" एवढं म्हटलं असतं तरी काम झालं असतं. मामा परत आत, नियमभाऊ बाहेर. मी एवढी वर्षं त्याच्या नियमांची टिंगल करतोय. त्याच्या हातोड्याला ग्रीस फासलंय, डब्यात बेडूक ठेवलाय. कुणाला नवल वाटलं नसतं.

शब्द अगदी जिभेवर आला होता. मी म्हटलं, "मला काय माहीत, मी सुट्टीवर होतो."

बाहेर आलो आणि नळाखाली डोकं धरलं.


१२ फेब्रुवारी, बुधवार

नियमभाऊनं आज मला चहा पाजला. स्वतःहून! मी आधी कपात काही पडलंय का ते बघितलं.

तो म्हणाला, मी शपथ घेतली ती खरी आहे. टेप बघूनच घेतला. पण तेव्हापासून झोप नाही मला. माझ्या शपथेमुळे तुझ्या मामावर आलं. मी नुसतं आठवत नाही म्हणालो असतो तर दोघांवर अर्धं अर्धं आलं असतं.

मग चष्मा काढून पुसत बसला. काच स्वच्छ होती तरी पुसत बसला.

ज्याच्यासाठी खड्डा खणला तो माणूस मला चहा पाजतोय, आणि खड्ड्यात आमचाच मामा. मस्त जमलंय, उपद्व्यापी!


१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज सांगणार.

नाही सांगितलं.


१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं.

आधी क्रमानं लिहितो, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

सकाळी शेवटची दोन दारं रंगाला तयार होती. रंग करडा, मासळीवाल्यांचा ठरलेला. मामानं कार्डावर थोडा फवारून वाळवला, नेहमीसारखा उन्हात आणून माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, बघ रे, जुळला का? दर वेळी विचारतो. बोटाएवढ्या चऱ्यासाठीसुद्धा विचारतो. मागच्या वर्षी मी मजा केली होती — रंग तंतोतंत जुळलेला असताना म्हटलं, थोडा लाल मारतोय. मामा मुकाट्यानं आत गेला, परत कालवून आणला. मी म्हटलं, अजून मारतोय. परत गेला. असं तीनदा! मी मागे जाऊन पोट धरून हसलो होतो. आज ते आठवलं आणि हसू नाही आलं. एवढा मोठा कारागीर, माझ्यासारख्याचं खरं मानून तीनदा कालवून आणतो आणि हूं की चूं करत नाही.

आज खरंच जुळला होता. म्हटलं, जुळला. मामा म्हणाला, नीट बघ, माझं शेवटचं दार आहे हे.

तिथून मी सरळ ऑफिसात गेलो. म्हटलं, मालक, त्या ब्रशांच्या टेपा मी फिरवल्या होत्या. ऑक्टोबरात. गंमत म्हणून. हिरव्या टेपखाली लोखंडी ब्रश होता.

आणि टाकी हसला! म्हणाला, मामासाठी गोष्ट रचून आणलीस? बरी आहे. मी म्हटलं, खरंच. तो म्हणाला, मागे कर खात्याचा साहेब बोलतोय म्हणून फोन कुणी केला होता? तेव्हाही असंच तोंड करून उभा होतास.

आयुष्यात पहिल्यांदा खरं सांगायला गेलो आणि माझ्याच जुन्या खोड्या दारात आडव्या.

घरी पळालो. वही घेतली. परत पळालो. १४ ऑक्टोबरचं पान फाडलं आणि टेबलावर ठेवलं.

एक विसरलो. त्याच पानावर वरच्या बाजूला लिहिलं होतं — "टाकी आज नवा पट्टा लावून आला. बक्कल समुद्रात बुडालेल्या जहाजासारखं, आहे म्हणतात, दिसत कुणालाच नाही."

त्यानं वरूनच वाचायला सुरुवात केली. मोठ्यांदा. तोवर दारात नियमभाऊ आला होता, मागे मामा, तोंडावर मास्क, हातात गन. बक्कलपर्यंत आल्यावर मालक थांबला. स्वतःच्या पोटाकडे बघितलं. मग पुढचं मनात वाचलं. टेपा. खुंटी. सात टाके. माझा तळहात धरून उलटा केला, वण बघितला. तारीख रजिस्टरशी ताडून बघितली.

विश्वास बसला.

नियमभाऊ भिंतीला टेकला. म्हणाला, म्हणजे लोखंडी ब्रश मीच फिरवला. मी म्हटलं, भाऊ, तुम्ही नियमच पाळलात. हे सांगताना मला रडू फुटलं, का ते कळलं नाही.

मामा पुढे आला. मास्क काढला. मला वाटलं, आता बसणार. त्यानं एकच विचारलं, "ब्रश खुंटीवरून हलवले होतेस?"

"नाही. नुसत्या टेपा."

"नक्की?"

"नक्की. पानावर लिहिलंय."

त्यानं डोळे मिटले आणि इतका लांब श्वास सोडला, आठवडाभर कोंडून ठेवल्यासारखा. रागावला नाही. तोंडावर राग नव्हताच, दुसरंच काहीतरी होतं. सुटल्यासारखं.

मालकानं निकाल तिथेच दिला. मासळीवाल्यांना खरं कळवायचं. नवा पेंटर नको, गन मामाकडेच. आणि मी — आजपासून फाटकाच्या आत पाय टाकायचा नाही. कधीच नाही. म्हणाला, पोटावर बोललास ते सोडतो, पण माझ्या कामाशी खेळलास.

मामा म्हणाला, मालक, त्याला राहू द्या. एवढ्या हलक्या आवाजात मी त्याला कधी विनवणी करताना ऐकलं नव्हतं. मालक म्हणाला, एक तर तो राहील नाहीतर गाड्या येतील.

मी छाती काढून बाहेर पडलो. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटत होतं. मामाची गन त्याला परत मिळवून दिली मी! फाटकातून वळून हात पण केला. मामानं केला नाही. तो नुसता बघत होता, गाडी चुकलेल्या माणसासारखा.


१५ फेब्रुवारी, शनिवार

मला वाटलं होतं, घरी कुणी पाठ थोपटेल. निदान एखादी सणसणीत थोबाडीत तरी. काहीच नाही.

मामा कामावरून लवकर आला. आज रंगाचं काम धरलं नाही म्हणाला, नुसतं घासलं. गन परत मिळालेला माणूस घासत का बसेल?

मामी स्वयंपाकघरात डोळे पुसत होती. म्हणत होती, आता कसं व्हायचं. मी म्हटलं, मामी, माझी काळजी करू नकोस, मला कुठेही काम मिळेल. ती म्हणाली, तुझं नाही रे बोलत मी.

मग कुणाचं?


१६ फेब्रुवारी, रविवार

मामा दिवसभर माझ्याशी बोलायला आल्यासारखा येतो आणि पंखा स्वच्छ करून जातो. पंखा तीनदा स्वच्छ झाला.


१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी मामा माझ्या खाटेवर येऊन बसला. मोजे हातात. म्हणाला, यातला हिरवा कुठला?

मी म्हटलं, आता तूही खोड्या काढायला लागलास? तो हसला नाही.

म्हणाला, "मला लाल, हिरवं, तपकिरी सगळं एकच दिसतं. जन्मापासून. मामीला माहीत आहे, आणि आता तुला. ब्रश मी टेप बघून कधी घेतलाच नाही, डावी खुंटी ॲल्युमिनियमची, एवढंच धरून होतो. मालकानं विचारलं तेव्हा वाटलं, कुणीतरी खुंटी बदलली असेल आणि आपल्याला दिसलं नसेल. शपथ कशाची घेणार?"

मी विचारलं, मग रंग कसे जुळवतोस?

म्हणाला, "आधी मामी डबा घेऊन यायची तेव्हा बघायची. आणि आठ वर्षं तू बघतोयस."

मी हिरवा जोड शोधून दिला. मग तो कामावर गेला.

अकरा वाजता मी फाटकाबाहेर जाऊन उभा राहिलो. पाय आत टाकला नाही. मामा करड्या रंगाचं ओलं कार्ड घेऊन आला आणि गजांमधून उन्हात धरलं.

थोडा लाल मारत होता. खरंच मारत होता.

मी तसं सांगितलं. मामा मुकाट्यानं परत कालवायला गेला.